१० मीटर एअर पिस्तूल: पैसे आधी ग्रिपवर की बाकीच्या सामानावर? (ठाणे-नवी मुंबईकरांनी सांगावं)

नेरुळची_मेधा

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या शिबिरात एअर पिस्तूल हातात घेतलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. क्लबचं पिस्तूल दहा हातांत फिरतं म्हणून आम्ही तिला सेकंडहँड स्टायर एलपी १० पिस्तूल घेऊन दिलं. आधीचे मालक चांगले धिप्पाड, ग्रिपही (हातात धरायचा लाकडी भाग) त्यांच्याच पंजाला साजेशी. मुलीचा पंजा माझ्यापेक्षाही लहान.

आता होतं असं की गोळ्या एकत्र पडतात, पण डावीकडे आणि जरा खाली. अर्धा-पाऊण तास झाला की अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. रेंजवर विचारलं तर जितकी तोंडं तितके सल्ले. एक म्हणतात बाहेरून नवी ग्रिप मागवा, दुसरे म्हणतात आधी शूज, तिसरे म्हणतात शूटिंगचा चष्मा. नव्या ग्रिपचे पंचवीस हजारांच्या पुढे सांगितले. सगळं एकदम घेणं आम्हाला शक्य नाही. तिला यंदा कॅप्टन एझिकेल या राज्य नेमबाजी स्पर्धेत उतरायचं आहे.

तर आधी काय घ्यावं? आहे तीच ग्रिप घासून बसवता येते का? ठाण्यात किंवा नवी मुंबईत हे काम कोणी करून देतं का?

घोडबंदरकर

वाचतोय. आमच्या चिरंजीवांचंही हेच चाललंय.

रेंजवाला_ठाणेकर

मेधाताई, ग्रिप आधी. ग्रिप नीट बसेपर्यंत बाकी कशावरही रुपया घालू नका.

का ते सांगतो. १० मीटरच्या कार्डावर (लक्ष्याच्या कागदावर) दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, आणि त्याच्या बाहेरचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने लांब. पिस्तुलाच्या दोन साइट्समधलं (नेम धरायची पुढची खूण आणि मागची खाच यांतलं) अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. हात हलला, पण पुढची आणि मागची साइट एका रेषेत राहिली, तर हात जितका हलला तितकीच गोळी सरकते. १ मिलिमीटर हलला तर १ मिलिमीटर. मनगट वळून फ्रंट साइट मागच्या खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर तीच चूक कार्डावर तीस पट होते. म्हणजे ३ सेंटिमीटर. दहाची गोळी सरळ सातावर.

पोरं हात हलतो म्हणून घाबरतात. हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकवाल्यांचाही. गोळी जाते ती मनगटातल्या त्या बारीक वळण्यामुळे, आणि ते वळणं थांबवण्याचं निम्मं काम ग्रिप करते. दर वेळी पंजा त्याच जागी, त्याच कोनात बसला पाहिजे.

डावीकडे-खाली जाण्याचं तुमच्या बाबतीत एक कारण अगदी समोर आहे. मुलगी उजव्या हाताने मारते ना? ग्रिप मोठी, बोटं आखूड. तर्जनी ट्रिगरपर्यंत पुरत नाही, म्हणून ती पंजा फिरवून बोट पुढे नेत असणार. मग बोट ट्रिगर सरळ मागे ओढत नाही, बाजूला ढकलतं. अंगठ्याचं मूळ दुखतं तेही त्यामुळेच.

आज घरी एवढं करा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) लावा आणि तिला पकड घ्यायला सांगा. तर्जनी आणि लाकूड यांच्यात फट दिसली पाहिजे. बोट लाकडाला घासत असेल तर दाबताना अख्खं पिस्तूल हलणार. एलपी १०चा ट्रिगर पुढे-मागे सरकतो, थोडा फिरतोही. लाकडाला हात लावायच्या आधी तो मागे घेऊन बघा. याला एक पै लागत नाही.

तर्जनी

ठाणेकर दादांशी अर्धी सहमत. ट्रिगर सरकवा, नक्की सरकवा. पण नववीतल्या मुलीची ग्रिप घासायची घाई कशाला? हात अजून वाढतोय. शिवाय डावीकडे-खाली म्हटलं की मला पहिला संशय मुठीचा येतो. ट्रिगर दाबताना करंगळी आणि अनामिका आवळल्या गेल्या की नळीचं तोंड तिकडेच जातं. हे रिकाम्या फायरिंगने, म्हणजे छरा न घालता केलेल्या सरावाने सुटतं. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, नेम घ्यायचाच नाही, फक्त साइट्सकडे बघत ट्रिगर दाबायचा. साइट हलली का ते स्वतःला लगेच दिसतं. एलपी १०मध्ये हवा न वापरता ट्रिगरचा सराव करायची सोय आहेच.

पकडीचा जोर किती, असं मुलं सतत विचारतात. लहान मुलाचा हात धरून स्टेशनबाहेरचा रस्ता ओलांडतो तेवढा: निसटू नये, पण त्याला दुखूही नये. जोर मधल्या दोन बोटांचा आणि तळहाताचा, समोरून सरळ मागे. अंगठा नुसता टेकलेला. आणि तो जोर शॉट सुटल्यावरही क्षणभर तसाच टिकला पाहिजे.

खारघर_टेकडी

एवढं सगळं कशाला? पॅरिस ऑलिंपिकला तो तुर्कस्तानचा युसुफ डिकेच बघितलात ना? रोजचा चष्मा, एक हात खिशात, मिश्र सांघिक रौप्य घेऊन गेला. सामान-बिमान सगळं मनाचे खेळ.

रेंजवाला_ठाणेकर

@खारघर_टेकडी, तो फोटो पालकांना दाखवून मुलं हल्ली सगळंच टाळतात, म्हणून सविस्तर लिहितो. डिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतो, त्याला एका डोळ्यावरच्या झाकणीची गरजच नाही. हात खिशात सगळेच ठेवतात. मोकळा हात लोंबकळला की खांदे हलतात, म्हणून तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवायचा. पण त्याच्या उजव्या हातात होतं ते स्पर्धेचंच पिस्तूल आणि पंजाच्या आकाराची ग्रिप. त्याने काय वगळलं ते सगळ्यांनी पाहिलं. काय वगळलं नाही तेही बघा.

त्याच पॅरिसमध्ये कोरियाच्या किम येजीने डोळ्यावर सगळी यंत्रणा लावून महिलांच्या १० मीटरमध्ये रौप्य घेतलं. आपल्या मनू भाकेरचं २२१.७ गुणांचं कांस्य त्याच फायनलमधलं. चष्म्याबाबत दोन टोकं, ग्रिपबाबत सगळ्यांचं एकमत.

खारघर_टेकडी

हे पटलं. खिशातल्या हाताचं कारण माहीत नव्हतं.

वागळेचा_फिटर

माझा वागळे इस्टेटला छोटा वर्कशॉप आहे, क्लबातल्या मुलांच्या ग्रिप बसवून देतो. धंदा म्हणून नाही, आवड म्हणून. मेधाताई, काम अवघड नाही, पण सावकाश करायचं आहे. क्रम सांगतो.

आधी स्क्रू. एलपी १०ची ग्रिप थोडी कलते आणि फिरते. मुलीला पकड घेऊन डोळे मिटायला सांगा. हात कार्डाच्या उंचीला नेऊन मग डोळे उघडायचे. फ्रंट साइट खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिपचा कोन बरोबर. डावी-उजवीकडे दिसली तर ग्रिप फिरवा. खाचेत बुडालेली किंवा वर निघालेली दिसली तर कल बदला. मनगट वाकवून साइट जुळवायची सवय लागू देऊ नका. मनगट दहा शॉट ऐकतं, साठ शॉट ऐकत नाही, आणि मॅच साठ शॉटची असते, ७५ मिनिटांची.

मग तळहाताखालची पट्टी, म्हणजे पाम शेल्फ. ती वर घेऊन पंजा चिमटून टाकू नका. हात पट्टीवर टेकला पाहिजे आणि कागदाची घडी सरकेल इतकी सैल जागा राहिली पाहिजे. घट्ट केली की पहिले शॉट झकास जातात आणि नंतर बोटं बधिर.

एवढं करूनही पंजा फिरत असेल तर लाकूड. तळहाताला खडूची पूड चोळा, नेहमीची पकड घ्या, थोडा वेळ धरा, सोडा. ग्रिपवर पांढरे ठसे उमटतात. तुमच्याकडे बहुतेक अंगठ्याच्या मुळाशी एक दाट ठसा दिसेल आणि तळहाताच्या मधोमध काहीच नाही. दाट ठशाची जागा उंच आहे, तिथे घासायचं. जिथे ठसा नाही तिथे भर घालायची. घासायला गोल कानस, मग १२०चा आणि शेवटी २४०चा पॉलिश पेपर. चार हात मारले की परत खडू, परत पकड. एका बैठकीत संपवायचं नाही. दुसऱ्या दिवशी हात ताजा असताना बघायचं.

भर घालायला एम-सील किंवा लाकडाची दोन भागांची एपॉक्सी पुट्टी. मळून लावली की वर क्लिंग फिल्म ठेवून हलकी पकड घ्यायची, आकार उमटला की हात काढायचा. रात्रभर सुकू द्या. वर चकचकीत पॉलिश अजिबात नको, घामाने सटकतं. ग्रिप बहुतेक अक्रोडाच्या लाकडाची असते, तिची धूळ घशाला त्रास देते, मास्क लावा. आणि कामाच्या आधी ग्रिप पिस्तुलापासून सोडवून बाजूला घ्या, लाकडाचा भुसा ट्रिगरच्या आत जाता कामा नये.

भर कुठपर्यंत घालायची यालाही नियम आहे. ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये. शेल्फ वर वळून पंजाला कवटाळणारी नको. पाठीमागे अंगठा-तर्जनीच्या मधल्या भागावर ग्रिप चढते ती ३० मिलिमीटरच्या आत. शिवाय अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. उजव्या बाजूला भरमसाट पुट्टी चढवली तर ते ५० मिलिमीटरला अडतं. आमच्याकडच्या एका मुलाचं नेमकं हेच झालं, तपासणीच्या टेबलावर बसून घासावं लागलं.

@तर्जनी, हात वाढतोय हे खरं. म्हणून तर वाढत्या मुलांना भर घालून देतो, ती पुढे काढून टाकता येते. लाकूड मात्र कमीत कमी घासायचं.

तर्जनी

भर काढता येते हा मुद्दा मान्य. पण हे काम प्रशिक्षकांच्या समोर व्हावं. घरी नुसत्या अंदाजाने नको.

वागळेचा_फिटर

त्यावर वाद नाही.

स्नेहल_ऐरोली

हे वाचून आमच्या घरचं लाटणं आठवलं, काका. त्याचीही ग्रिप बघता का? पोळ्या डावीकडेच जाड होतात.

वागळेचा_फिटर

आणा. खडू माझ्याकडे आहे. :)

डॉ_चष्मा

चष्म्याविषयी दोन शब्द, मी नेत्रतज्ज्ञ आहे. नववीतल्या मुलीला नंबर नसेल तर शूटिंगच्या फ्रेमवर खर्च करू नका. तिचा डोळा फ्रंट साइटवर सहज फोकस होतो. फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण मीटरभर लांब असते. चाळिशी ओलांडलेल्यांना ती धूसर दिसायला लागते, तेव्हा लांबच्या नंबरात अर्ध्या डायॉप्टरच्या आसपास भर घालून उपयोग होतो. तपासणीला जाताना शक्य असेल तर हे अंतर मोजून न्या.

दुसरं: एक डोळा आवळून मारू देऊ नका. आवळल्याने उघड्या डोळ्यावरही ताण येतो. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर दुधी प्लॅस्टिकचा तुकडा पुरतो, फाइलच्या कव्हरमधून कापला तरी चालतो. रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, तो स्पर्धेचा नियम आहे. काळा तुकडा लावू नका, दोन डोळ्यांत प्रकाशाचा फरक पडला की बाहुल्या नीट काम करत नाहीत.

मी_पनवेलकर

शूजचं मी सांगते, माझा मुलगा इकडे पनवेलला जातो. ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांच्या क्लबमुळे आमच्या भागात या खेळाची गोडी बरीच लागली. पिस्तुलाला घोटा झाकणारे बूट चालत नाहीत, घोट्याचं हाड मोकळं दिसलं पाहिजे. सपाट तळाचा साधा कॅनव्हास शूज सुरुवातीला पुरतो. जॉगिंगचे मऊ, उंच टाचेचे शूज मात्र नकोत, त्यांवर तोल डुलतो.

आता पावसाळ्याबद्दल कोणी बोललंच नाही. आपल्याकडे जूनपासून ग्रिप घामाने ओली होते. माझा मुलगा दर काही शॉटनंतर सुती रुमालाने आधी हात पुसतो, मग ग्रिप. घरी आल्यावर पिस्तूल पेटीत लगेच बंद करत नाही. पंख्याखाली थोडा वेळ उघडं ठेवतो, मग पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. ओलीच ग्रिप बंद केली की लाकूड फुगतं आणि बसवलेली पकड बदलते. हातपंपाने हवा भरत असाल तर पंपाची ओलावा शोषणारी फिल्टर वेळेवर बदला. आपल्या हवेत ती लवकर भरते.

घोडबंदरकर

पनवेलकर ताई, पिस्तुलात तेल कुठलं घालायचं? घरात शिलाई मशीनचं आहे.

वागळेचा_फिटर

थांबा! हवेच्या वाटेत खनिज तेल कधीच नाही. २०० बारचा दाब आणि तेल एकत्र आलं तर आत पेट घेऊ शकतं, रबरी सीलही खराब होतात. कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही सांगितलेल्या जागीच, टाचणीच्या टोकाएवढं. शिलाई मशीनचं तेल मशीनलाच ठेवा.

घोडबंदरकर

बरं झालं विचारलं. चिरंजीव बाटली घेऊनच बसले होते.

कोपरीकर_आजोबा

एक भाबडा प्रश्न. हे घेऊन लोकलने फिरता कसे? परवाना लागतो का?

रेंजवाला_ठाणेकर

आजोबा, ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीचं आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचं एअर पिस्तूल परवान्यातून मोकळं आहे. १० मीटरचं पिस्तूल पाच-सहा ज्यूलच्या घरात असतं. .२२च्या पिस्तुलाला मात्र परवाना हवा.

पण मोकळं आहे म्हणून बेफिकिरी नको. ठाणे-वाशी गाडीत गर्दीच्या वेळी बाजूच्या माणसाला ते खरंच पिस्तूल वाटणार आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. कडक पेटी, कुलूप, आत सेफ्टी फ्लॅग, छऱ्यांची डबी वेगळी. खरेदीची पावती आणि क्लबचं ओळखपत्र सोबत. पेटी उघडायची ती फक्त रेंजवर, तीही फायरिंग लाइनवर. घरच्या सरावात खिडकीकडे किंवा गॅलरीकडे तोंड करायचं नाही, समोर सोसायटीतली माणसं असतात. आणि छरे शिशाचे असतात, सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याच्या डब्याला हात लावू देऊ नका. मुलं हे हमखास विसरतात.

कोपरीकर_आजोबा

उत्तम माहिती. नातवाला वाचायला देतो.

स्नेहल_ऐरोली

मेधाताई, सेकंडहँड म्हणालात म्हणून विचारते. सिलिंडरवरची तारीख बघितलीत का? हवेच्या सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि स्पर्धा सोडा, एवढ्या दाबाचा जुना सिलिंडर मुलीच्या हातात देऊ नये. एलपी १० बरीच वर्षं बाजारात आहे, त्यामुळे सेकंडहँड पिस्तुलात हे हटकून तपासावं.

रेंजवाला_ठाणेकर

+१. हे मीच आधी लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. ताई, आधी तारीख बघा, मग ग्रिप.

मी_पनवेलकर

ट्रिगरचं वजनही (तो सुटायला लागणारा जोर) तपासून घ्या. नियमाने किमान ५०० ग्रॅम लागतं. सरावात हलकं केलेलं असतं आणि तपासणीत ट्रिगरला अडकवलेलं वजन उचललं जात नाही. मग ऐन वेळी वाढवलेल्या ट्रिगरवर मुलांचं लक्ष जातं.

तर्जनी

अनुमोदन. सामानाची खात्री आधी करावी हे टोकियो ऑलिंपिकने सगळ्या देशाला दाखवलं. २०२१मध्ये मनूच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. उरलेल्या वेळात घाईघाईने शॉट मारावे लागले तरी ५७५! मी मुलींना नेहमी हेच सांगते, पिस्तूल बंद पडल्यावरही डोकं बंद पडू द्यायचं नाही.

नेरुळची_मेधा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. केलं ते लिहिते, दुसऱ्या पालकांना उपयोग होईल.

सिलिंडरवरची तारीख बघितली. एक मुदतीत आहे, सोबत मिळालेला दुसरा संपलेला. तो वापरातून काढला, नवा घ्यावा लागेल. म्हणजे पैसे आधी कशावर, याचं उत्तर ग्रिपही नाही आणि चष्माही नाही, सिलिंडर निघालं.

ट्रिगर मागे घेतला. प्रशिक्षकांच्या समोर पाम शेल्फ आणि कोन बदलला. डोळे मिटून उघडले की साइट आता मधोमध येते. खडूचे ठसे फिटर काकांनी सांगितले तसेच उमटले, अंगठ्याच्या मुळाशी दाट आणि मधे कोरं. मधे थोडी पुट्टी भरली, लाकूड घासलेलं नाही. दुखणं थांबलंय. गोळ्या डावीकडून बऱ्याच मधे आल्या, खाली अजून जातात.

तर्जनी

खालचं मुठीचं आहे. भिंतीसमोरचा रिकामा सराव रोज करू दे. साइट्सना हात लावून ते झाकू नका.

रेंजवाला_ठाणेकर

अगदी. आणि पुट्टी बसल्यावर आठ-पंधरा दिवस काहीही बदलू नका. रोज एक स्क्रू फिरवला तर कशाने काय झालं ते कळत नाही. प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवायला सांगा: तारीख, कुठला स्क्रू, किती वळसे.

घोडबंदरकर

आमचे चिरंजीव डावखुरे आहेत. क्लबची ग्रिप उजवी. पुट्टीने काम भागेल का?

वागळेचा_फिटर

नाही. डाव्या हाताची ग्रिप वेगळीच येते, उजवीला कितीही पुट्टी लावली तरी ती डावी होत नाही. डावखुऱ्या मुलाला उजव्या ग्रिपवर सवय लावू नका, पंजा वेडावाकडा बसतो आणि तीच सवय पुढे मोडावी लागते. पिस्तुलाचं मॉडेल कळवा, क्लबात कोणाची डावी ग्रिप पडून असेल तर विचारतो. त्याच्या तळहाताची बोटांच्या मुळाशी रुंदी मोजून पाठवा, अंगठा सोडून.

घोडबंदरकर

मोजपट्टी घेऊन बसलोय. रात्री पाठवतो.